पौषातली रपेट

डेअरीवरून आल्यावर एस्तेर चहाला थांबली नाही. तडक छपरात गेली आणि तिनं घोडीच्या पाठीवर हात ठेवला. केस दमट लागले. खोगिराखालचा घाम नुकता कुठं वाळत आला होता. म्हणजे आजही दीनानं शेवंताला फिरवून आणलं होतं.

खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. पौषात लग्नं नसतात, वराती नसतात. वरातीची घोडी नुसती खुंट्याला उभी राहिली की तिचे पाय सुजतात, अंगात मस्ती भरते, मग ती लाथा घालून छपराची कुडं मोडते. तिला रोज रपेट लागतेच. आणि एस्तेरच्यानं आता ती होत नव्हती. पहाटे लोकांचं दूध मापून घ्यायला डेअरी, संध्याकाळी परत डेअरी, मधल्या वेळात कॅन धुणं. गार पाण्यानं बोटं आखडून जायची. थंडीचा दिवस एवढासा, घरी येईतो अंगात त्राण उरायचं नाही. तरी वडील गेल्यापासून तिनं घोडीचं काही कुणाला करू दिलं नव्हतं. भाऊ सॅम्युएल वरातीत लगाम धरायचा, तेवढंच.

दीना ही त्याची बायको. नाताळाच्या तोंडावर लग्न होऊन पाथर्डीकडून आलेली. तिनं आल्या आल्या चूल हातात घेतली. एस्तेरनं ती दिली. सॅम्युएल पूर्वी दिवसभराचं सगळं बहिणीला सांगायचा, ते आता बायकोला सांगू लागला. एस्तेरनं तेही गिळलं. मग एक दिवस तोच म्हणाला, ताई, तू लई दमतेस, मी दीनाला बसायला शिकवतो. एस्तेरनं हो म्हटलं, कारण तिची खात्री होती की शेवंता परक्या बाईला पाठीवर घेणार नाही.

शेवंतानं घेतलं. आठवडा झाला नाही तोच दीनाच्या बांगड्या वाजल्या की ती खिंकाळू लागली. एस्तेर आली की नुसता कान हलवायची.

दुसऱ्या दिवशी एस्तेर संध्याकाळच्या दुधाला निघाली होती. दीना खोगीर कसून अंगणात उभी होती. तिनं विचारलं, पाटाला पाणी सुटलंय, मळ्याची वाट सगळी चिखल झालीय, आज कुठून नेऊ?

एस्तेरनं चप्पल घातली.

"फॅक्टरीच्या रोडनं ने," ती म्हणाली. "रोड चांगला हाय."

आणि मागं न बघता चालू लागली.

बँड, फटाके, डीजे, यातलं कशाचंच शेवंताला भय नव्हतं. पण उसानं भरलेली ट्रॉली दिसली की तिला काय व्हायचं कोण जाणे. डोळे पांढरे व्हायचे आणि ती दोन पायांवर उभी राहायची. हे एस्तेरला ठाऊक होतं. सॅम्युएललाही, पण तो टेम्पो घेऊन नगरला गेला होता. दीनाला कुणी सांगितलं नव्हतं.

डेअरीसमोरून उसाच्या ट्रॉल्या फॅक्टरीकडं चालल्या होत्या. एक गेली की दुसरी. उसाच्या शेंड्यांचे वाढे खाली लोंबत होते, रस्त्याला घासत होते. एस्तेर माप भरत होती आणि सांडत होती. शेवटी तिनं माप डेअरीतल्या आसारामच्या हातात दिलं, डोकं दुखतंय म्हणाली आणि घराकडं निघाली. आधी भरभर चालली, मग पळाली.

छपर रिकामं होतं.

ती कुडाला धरून उभी राहिली. ऊन उतरलं, हरभऱ्याच्या रानावरून गारठा येऊ लागला. मग वाटेच्या वळणावर दोघी दिसल्या. दीना पायी चालत होती. लगाम हातात होता, पण सैल. घोडी तिच्या खांद्याला तोंड लावून येत होती.

"काय झालं?" एस्तेरनं विचारलं.

"उसाच्या ट्रॉल्या आल्या, ताई. ही लागली थरथरायला. मला तर रडूच फुटलं. उतरले खाली."

"मंग?"

"मंग काय. मी हिच्या मानंला मिठी मारली. हिनं माझ्या पदरात तोंड खुपसलं. ट्रॉल्या जाईपर्यंत आमी दोघी तशाच उभ्या."

एस्तेरनंही त्या रोडवर शेवंताला नेलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा लगाम आवळला होता, टाचा मारल्या होत्या, ओरडली होती. तरी घोडी तिला रोडच्या खाली ओढत राहिली होती. तिच्या पदराकडं आली नव्हती.

दीनानं खोगीर उतरवलं, खरारा घेतला आणि पाठ घासू लागली. थोड्या वेळानं तिनं मान वर न करता विचारलं,

"तुमाला ठाऊक हुतं का, ताई? ही ट्रॉलीला भिती ते?"

नाही म्हणता आलं असतं. दीनानं ते खरंही मानलं असतं.

"व्हय," एस्तेर म्हणाली.

खरारा थांबला. दीनानं तो एस्तेरच्या हातात दिला, तोंडावरून पदर फिरवला आणि घरात निघून गेली.

एस्तेर राहिलेली पाठ घासू लागली. शेवंता घराच्या दाराकडं बघत होती. एस्तेरनं तिला हाक मारली, मग पुन्हा मारली. शेवटी ती स्वतःच घोडीच्या आणि दाराच्या मधी जाऊन उभी राहिली.

शेवंतानं मान थोडी उंच केली आणि तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं.