पिशवीतला बावटा

लाटा घराएवढ्या उसळल्या की जीवरक्षकाच्या अंगात यायचं. कामाच्या वेळेआधीच तो किनारा गाठायचा. धोक्याचा बावटा खांबावर चढला की पाण्यात उतरायला सगळ्यांनाच मनाई, त्यालासुद्धा. म्हणून बावटा पिशवीतच ठेवून आधी सर्फिंगची फळी घेऊन एकटाच लाटांवर हुंदडून घ्यायचा. आज लाटेच्या माथ्यावरून त्याला गटांगळ्या खाणारं पांढरं डोकं दिसलं. बेकरीवाले काका! त्याने कसंबसं त्यांना फळीवर ओढून किनाऱ्यावर आणलं. “देवासारखा धावलास रे!” पाणी ओकत काका म्हणाले. “बावटा दिसला नाही, म्हणून बिनधास्त उतरलो.” त्याने नजर चोरली. कुडकुडत काकांनी टॉवेलसाठी त्याची पिशवी उघडली, वरच बावटा. “लावायलाच निघाला होतास ना? मीच मध्ये कडमडलो!” त्याने मान डोलावली. काकांनी बावटाच अंगाभोवती गुंडाळला. खांब अजून रिकामाच होता. पण बावटा मागणार तरी कुठल्या तोंडाने?