उघड्या हाताने

नव्या खोक्यातून बोटभर पिवळा बेडूक उचलून मी काचपेटीत सोडला. आमच्या बेडूक-प्रजनन केंद्रात जन्मलेले विषारी बेडूक नुसते नावालाच विषारी. रानातल्या मुंग्या खायला मिळत नाहीत, मग विष येणार कुठून? बारा वर्षं मी त्यांना उघड्या हातानेच उचलत आलेय.

तेवढ्यात सहकारी सुकन्या धावत आली. "ताई, त्या खोक्याला हात लावू नका! तस्करांकडून जप्त केलेत ते. थेट जंगलातले!"

सकाळीच विळीवर अंगठा कापला होता. ती चीर आता चुरचुरत होती. ओठ बधिर वाटत होते, भीतीने की विषाने, कळेना.

"ताई, बोला ना!"

जीभ उचलेना.

काचेपलीकडे तो निवांत बसला होता. पळायची गरज त्याला आयुष्यात कधी पडलीच नसावी.