चाळिसांतली पहिली

डॉक्टरांनी आधी रुमालाने हात पुसले आणि मगच पुस्तक उघडलं. लोकांच्या दाढा उपटताना हे एवढे हळुवार होत असतील का, असं चित्रकाराच्या बायकोच्या मनात येऊन गेलं. पण दारात आलेल्याला लगेच टोचायचं नाही म्हणून ती नुसती पुढे वाकली.

"हे बघा, वहिनी. शेवटचं पान."

पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, चाळिसांपैकी क्रमांक एक. खाली चित्रकाराची सही.

पुस्तक म्हणजे वीस कोरी पानं. अक्षर नावाला नाही. दर पानावर पांढऱ्या दोऱ्याच्या टाक्यांची एक ओळ. पान उलटलं की ओळ जराशी सरकते. पानं भरभर सोडली की कुणीतरी उठून घराबाहेर चालत गेल्यासारखं वाटतं. बारा वर्षांपूर्वी याच्या मोजून चाळीस प्रती निघाल्या होत्या, आणि तेवढ्यावर चित्रकाराचं नाव झालं होतं.

डॉक्टरांकडे सतरा नंबरची प्रत होती. गेल्या महिन्यात चित्रकाराच्या चित्रांना चौकटी करून देणारा फ्रेमवाला वारला, तेव्हा त्याच्या मुलीकडून त्यांनी ही पहिली मिळवली. असल्या मोजक्या प्रतींच्या पुस्तकांनी त्यांची दोन कपाटं भरली होती. संग्रहालयाने त्या पुस्तकांसाठी अख्खी खोली द्यायचं कबूल केलं होतं.

"आता सगळं अडलंय," डॉक्टर म्हणाले. "तिथल्या बाईंनी याच पुस्तकाच्या सात प्रती शेजारी शेजारी मांडल्या. सहा हुबेहूब एकसारख्या. ही एकटी निराळी. टाके लांबआखूड, दोरा सैल, सही तिरकी. बाई म्हणाल्या, एक तर ही खोटी, नाहीतर उरलेल्या खोट्या. ते ठरेपर्यंत खोली विसरा."

बायकोने पुस्तक स्वतःकडे ओढलं. डॉक्टर अर्धवट उठले.

"हात..."

"धुतलेत."

तिने चष्मा लावला नाही. एका ओळीवरून नुसतं बोट फिरवलं, दोन पानं उलटली आणि पुस्तक परत सरकवलं.

"हे आमच्या घरचं नव्हे."

"राग मानू नका, वहिनी, पण यातलं तुम्हाला..."

"चौथीत शाळा सुटली माझी, डॉक्टर. डोळे शाबूत आहेत. असा टाका या घरात कुणी घातला असता, तर तो उसवून पुन्हा घालायला लावला असता मी."

डॉक्टर हसले. "ते पटतंय. पण सरांच्या तोंडून ऐकलं की जीव भांड्यात पडेल."

"ते कामात आहेत."

"दोन मिनिटं फक्त."

"तुमच्या खुर्चीत बसलेल्यालाही तुम्ही असंच सांगता."

तेवढ्यात चित्रकार स्वतःच बाहेर आला. आतल्या खोलीत सगळं ऐकू येत असणार. त्याने पुस्तक हातात घेतलं. इतरांसारखी पानं भरभर सोडली नाहीत. एकेक करून शेवटपर्यंत उलटली.

"फ्रेमवाल्याकडे होतं?"

"हो. मुलगी सांगत होती, बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मित्राने दिलंय म्हणायचे."

"कुठल्या मित्राने?" बायकोने विचारलं.

"नाव कधी काढलं नाही म्हणे."

चित्रकार अजून सहीकडे बघत होता. बायको पुस्तकाकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

"बोला की," ती म्हणाली. "डॉक्टर खोळंबलेत."

"माझं नाही हे," चित्रकार म्हणाला.

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. सुटल्यासारखे दिसले, थोडे हिरमुसलेही. मग घसा खाकरून म्हणाले, "एक विनंती होती, सर. खोटी प्रत बाजारात फिरता कामा नये. तुमच्याच हाताने रद्द केलीत, तर बाईंना तसं छातीठोक सांगता येईल."

"असू दे ना," बायको म्हणाली. "पडेल कुठल्यातरी कोपऱ्यात. काय खायला मागतंय का ते?"

"अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात की."

"आमच्या घरचं नाही म्हणाले. फाडा म्हणाले नाही."

चित्रकाराने वाद घातला नाही. कागद कापायचं यंत्र खिडकीपाशी होतं. त्याने पुस्तक पात्याखाली ठेवलं, कड पट्टीला लावली, तळहाताने नीट दाबली.

"अहो," बायको म्हणाली.

त्याने दांडा खाली ओढला. मग दोन्ही अर्धी वळवून एकावर एक ठेवली आणि पुन्हा ओढला.

डॉक्टरांनी बूट चढवले. दाराशी थांबून त्यांनी चित्रकाराचा हात दोन्ही हातांत धरला. "सतरा नंबर आता जिवापाड जपेन. काय टाका आहे, सर. असा हात पुन्हा होणे नाही."

चित्रकार जमिनीकडे बघत होता. "खरंय," तो म्हणाला.

दार लागलं. बायकोने यंत्राखालचे चारही गठ्ठे उचलले, टेबलावर आणले आणि कडा जुळवून बघितल्या. कापताना दोरे सुटले होते. पानं हातात राहत नव्हती.

"एवढं कशाला केलंत?" तिने विचारलं.

"बाईंनी दोनच वाटा ठेवल्या होत्या," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

ती तुकडे जुळवत बसली. नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलेली ती एकच प्रत होती. उरलेल्या एकोणचाळीस तिने केल्या होत्या, सहीसकट.