ओदीलने काढलेली तारीख

समुद्रातल्या बेटावरच्या मों-सां-मिशेलच्या मठाची सहल जिल्बेरने ठरवली. त्या घरात सगळं तोच ठरवायचा, अगदी बायकोने कोणते बूट घालायचे तेसुद्धा, आणि गाडीची किल्ली कायम त्याच्याच खिशात. ओदीलवर त्याने एकच काम सोपवलं.

“भरतीचं वेळापत्रक बघून तारीख तेवढी काढ. बेटाचा रस्ता पाण्याखाली गेला आणि अडकलो, असं व्हायला नको. एवढं तरी जमेल ना तुला?”

“जमेल,” ओदील म्हणाली.

मठाच्या पायऱ्यांपाशी घामाघूम झालेल्या जिल्बेरने कोट काढून तिच्या हातात कोंबला. “तुझे गुडघे काही वर पोचायचे नाहीत. इथेच बस, हलू नकोस.”

तो दिसेनासा झाला तशी ती उठली आणि आल्या रस्त्याने परत किनाऱ्याकडे चालू लागली.

तासाभराने तिचा फोन वाजला. “कुठे उलथलीस? चहूकडे पाणी भरलंय, वेशीबाहेर पाऊल टाकता येत नाही. तारीख कसली काढलीस तू?”

किनाऱ्यावर ओदीलने कोटाच्या खिशातली किल्ली काढून गाडी सुरू केली.



“नीट बघून काढली,” ती म्हणाली. “वर्षातली सगळ्यात मोठी भरती आहे.”