गुलाबरावांची जोडी

एकेकाळी शंकरपटाच्या शर्यतीत गुलाबरावांच्या बैलजोडीला तोड नव्हती. मग त्यांचा पाय मोडला आणि तीन वर्षं खाटेवर गेली. तोवर त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईनं, तेच बैल भाजीच्या गाडीला जुंपून मंगरूळपीरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या.

चोपन्न साली रिठदच्या पटात गुलाबराव पुन्हा उतरले. "मी संपलो म्हणते लोकं. पाहा आता," म्हणत त्यांनी कासरे सैल सोडले. जोडी वाऱ्यासारखी सुटली, दुसरी पार मागं पडली. निशाण हाकेवर आलं तशी कडेला उभ्या तुळसाबाईनं खुशीत हात वर केला.

जोडी बरोबर तिच्यापुढं येऊन थांबली.

गुलाबरावांनी काठी उगारली, तर तुळसाबाईच आडवी आली.

"त्यायले काहून मारता? बाईनं हात केला का थांबाचं, हे मीच शिकोलं त्यायले."