कॅप्टन बोट विकत नाही

"डॉक्टर, आज नको. आज हिचं इंजिन खोकतंय," असं म्हणून कॅप्टनने बोटीवरची ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.

डॉक्टर हिरमुसले. जाहिरात कॅप्टनचीच होती: चौघांची छोटी मोटरबोट, वापरलेली पण ठणठणीत, तळ्यावर फिरायला उत्तम. पण गेल्या रविवारी स्टिअरिंग जड होतं आणि त्याच्या आदल्या रविवारी सीटची शिवण उसवली होती. ठणठणीत म्हणे!

हे डॉक्टर दातांचे. उभी हयात लोकांच्या तोंडात हात घालण्यात गेली आणि एके दिवशी तोच हात थरथरायला लागला. दवाखान्याला कुलूप लागलं. तेव्हापासून माणूस घरात असून नसल्यासारखा. खिडकीशी बसायचं, हाक मारली की जेवायला यायचं, काही विचारलं की नुसतं "हं". भूल द्यायच्या आधी पेशंटला हसवून सोडणारा नवरा असा मुका झालेला बघून बायकोचा जीव तीळतीळ तुटायचा. त्या बोटीच्या जाहिरातीवर मात्र त्यांची नजर रेंगाळली होती. "रविवारी बघून तर या," बायको म्हणाली. तेवढंच निमित्त.

आणि कॅप्टन तरी कसला कॅप्टन! जन्मभर सायकलचं दुकान चालवलेला गडी. तळ्याकाठी घर, बायको कधीच गेलेली, मुलगी लांब दिलेली. पांढरी टोपी घालायचा म्हणून लोक कॅप्टन म्हणायचे, इतकंच.

"खोकतंय तर उघडून बघू की," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला इंजिनातलं कळतं?"

"दातातलं कळतं. कीड ती कीड."

कॅप्टनने पान्यांची पेटी आणली आणि चहाही आणला. डॉक्टरांचा चहा बिनसाखरेचा. त्यांनी सांगितलंही नव्हतं. मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात, तिच्यावर डॉक्टर सवयीने टिचक्या मारत गेले. ठक, ठक, ठक, भद्द.

"इथे आतून कुजलंय."

"काय सांगता!" कॅप्टन उडालाच. "हे मला खरंच माहीत नव्हतं हो."

"रूट कॅनाल करावं लागेल," डॉक्टर म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर खो खो हसले.

मग काय, दर रविवारी तेच. कुजलेलं लाकूड खरवडलं, नवं बसवलं, वर फायबरचा थर दिला. हात थरथरायचा, पण बोट काही ओरडत नव्हती. संध्याकाळी घरी येऊन डॉक्टर जेवताना अथपासून इतिपर्यंत सगळं सांगायचे. गॅसकेट काय, स्पार्क प्लग काय!

"अहो, तो माणूस तुम्हाला फुकटात राबवून घेतोय," बायको कुरकुरायची. "व्यवहार करा, नाहीतर नाद सोडा."

"तुला बोटीतलं काही कळत नाही," डॉक्टर तावातावाने म्हणायचे. चक्क भांडायचे!

पण एक गोष्ट त्यांनाही खटकत होती. हा बाबा बोट विकत का नाही? एकदा एक गाडीवाला साहेब बोटीची चौकशी करत आला, तर कॅप्टनने "विकली गेली" म्हणून त्याला फाटकातूनच वाटेला लावलं.

"मला तर देत नाही, आणि त्याला विकली म्हणून सांगता?" डॉक्टरांनी धरलंच.

"तुमच्यासाठीच राखलीय. पण आत साठलेलं पाणी बाहेर टाकायचा पंप तेवढा बघून घेऊ, मग बघा."

पंपही झाला. पुढच्या रविवारी कॅप्टन बोटीभोवती फिर फिर फिरला. वाकून बघितलं, हलवून बघितलं, वास घेऊन बघितलं. दोष म्हणून सापडेना. त्याचा चेहरा एवढासा झाला. डॉक्टर ते बघत होते, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, कोडं सुटलं! कॅप्टन एकटा आहे. बोट दिली की मी कशाला जाईन तिकडे? म्हणून दर रविवारी एक खोट काढतो बिचारा. आज काही सापडलं नाही तर असा केविलवाणा झाला की मलाच बघवेना."

"मग हो?"

डॉक्टरांनी खिशातून एक स्क्रू काढून टेबलावर ठेवला. "निघताना पंपाचा हा काढून आणला. पुढच्या रविवारची सोय झाली. त्याला कळता कामा नये हं! वाईट वाटेल."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "तुम्ही म्हणजे ना! जा, हात धुवा आधी, कोपरापर्यंत ग्रीस लागलंय."

डॉक्टर गाणं गुणगुणत बाथरूममध्ये गेले. नळाचा आवाज सुरू झाल्यावर तिने फोन उचलला.

"कॅप्टन, पंपाचा स्क्रू शोधत बसू नका. यांनी काढून आणलाय. तुम्ही एकटे पडाल म्हणून."

पलीकडे कॅप्टन पोट धरधरून हसला. मग त्याने घसा खाकरला. "वहिनी, माझ्याकडच्या खोट्या तक्रारी आता खरंच संपल्या. तुम्ही जाहिरात आली त्याच दुपारी येऊन बोट विकत घेतलीत. तेव्हापासून तुमची बोट माझ्या अंगणात उभी आहे. आता तरी सांगून टाकू का त्यांना?"

आत डॉक्टर मोठमोठ्याने गात होते. सूर कुठल्या कुठे चालला होता.

"छे, इतक्यात नको," ती हळूच म्हणाली. "ते हा स्क्रू बसवतील ना, तोवर तुम्ही शेजारचा काढून ठेवा."