दुसरा ब्रेक

मास्तरांनी गाडीच्या टपावरची मोटार ड्रायव्हिंग शाळेची पाटी उपटली आणि अंगणात भिरकावली.

“शाळेची गाडी ठेवून काय करायचंय म्हणतोस ना? ही घे तुझी शाळा!”

मुलगा फाटकाशी हाताची घडी घालून उभा होता. सकाळीच त्याने सांगून टाकलं होतं. शाळा बंद झाली, बाबांचं वय झालं, जुन्या गाड्या जपणारा एक शौकीन उद्या येऊन गाडी घेऊन जाणार. विचारणं नाही, सवरणं नाही! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धं गाव या गोल बॉनेटच्या, फिक्या हिरव्या गाडीत शिकलं होतं. या दिवट्याला स्टिअरिंग धरायला कुणी शिकवलं? आणि आता हाच बापाला खाली उतरवायला निघाला. गुरूची विद्या गुरूलाच!

मास्तर पान्हा घेऊन गाडीत वाकले. शिकवणाऱ्याचा जादा आरसा निघाला. डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी बसवलेला दुसरा ब्रेक काही केल्या सुटेना. मास्तरांनी त्याला चार शिव्या हासडल्या, तेव्हा तोही नटबोल्टसकट हातात आला.

“झालं. आता ही शाळेची नाही, माझी गाडी आहे.”

“बाबा, पाटीचा प्रश्नच नाही. तुमच्या पायाचा आहे. परवा जिन्यावर तुम्ही…”

“माझ्या पायाला काय धाड भरलीय? गाडीवर ओरखडा दाखव! एक तरी दाखव! तुझ्या आईला विचार जा. ‘हळू’ म्हणून कधी शब्द काढला नाही तिने.”

ते मात्र खरं होतं. बायको गाडीत चकार शब्द बोलत नसे. अलीकडे तर मास्तर कोपऱ्यावर दाढीचं ब्लेड आणायला निघाले, तरी ती हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसे, उजवी चप्पल काढी, पाय पुढे पसरी आणि रस्त्याकडे बघत राही. “राणीसरकार, ऐसपैस बसा, गाडी आपलीच आहे,” मास्तर चिडवत. तिचा एवढा विश्वास, आणि पोटच्या पोराला तो कणभरही नसावा! याचाच त्यांना जास्त संताप येई.

इंजिनाचा आवाज ऐकून ती आताही ओले हात झटकत धावत आली.

“जाग्यावरून हलू नकोस,” मास्तर मुलावर ओरडले. “तुझ्यापासून हातभर अंतरावर थांबवतो. रोज फाटकाशी थांबवतो तशी!”

ती नीट टेकायच्या आत गाडी निघाली. मुलगा जवळ आला. आणखी जवळ आला. मास्तरांनी पाय उचलला.

गाडी थांबली नाही. मुलाने बाजूला उडी टाकली आणि फाटक कडकडून वाकलं.

मुलगा उठला, कपडे झटकू लागला. त्याला कुठे लागलं नव्हतं. मास्तरांचा राग उतरला नव्हता.

“ब्रेक लागलाच नाही! कालपर्यंत नुसता पाय उचलला की थांबत होती!”

त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय अजून ब्रेकपर्यंत पोचलाच नव्हता. मग त्यांची नजर डावीकडे गेली. बायकोचा अनवाणी पाय उघड्या पत्र्यावर, बोल्टांच्या रिकाम्या भोकांवर, सगळा जोर लावून दाबलेला होता. बोटं पांढरीफटक पडली होती.

“अहो,” ती म्हणाली, “काढण्याआधी मला सांगायचं तरी.”